समुद्राची पातळी डोंगरापर्यंत आणणारे लॅम्बटनसाहेब

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र द्यावयाचे, असा प्रघात आहे. संत, समाजसुधारक, कर्तबगार राण्या यांची चरित्रे आजवर पुष्कळ झाली आणि ती वाचून आपल्याला लाभही झाला. यंदा मी जरा निराळ्या माणसाविषयी लिहिणार आहे. हा माणूस इंग्रज होता, लष्करात होता आणि त्याचे सारे आयुष्य जमीन मोजण्यात गेले. त्याची कबर आपल्या विदर्भातच, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे आहे. त्याचे नाव विल्यम लॅम्बटन.

भगिनींनो, हा विषय मी का घेतला ते आधी सांगते. आपल्या चिखलदऱ्याला येणाऱ्या पाहुण्यांना आपण कौतुकाने सांगतो की, आमचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १११८ मीटर उंच आहे. पण समुद्र येथून साडेचारशे किलोमीटरांहूनही दूर आहे. मध्ये सपाट वऱ्हाड आहे, खानदेश आहे, नद्या आहेत, डोंगर आहेत. मग त्या समुद्राची पातळी इथवर कोणी आणली? भीमकुंडाच्या कड्यावर उभे राहून समुद्र काही दिसत नाही. तरीही आपण त्याच्यापासून किती उंच आहो, हे मीटरांत सांगता येते. ही गोष्ट मला नेहमीच नवलाची वाटत आली आहे, आणि तिचा माग काढता काढता मी लॅम्बटनसाहेबांपाशी येऊन पोचले.

दुसरेही एक कारण आहे. हल्ली किनाऱ्यावरची जमीन आणि किनाऱ्यालगतचा समुद्राचा तळ या दोहोंचा मिळून एकच नकाशा संगणकावर तयार करतात. त्याला डिजिटल एलिव्हेशन मॉडेल म्हणतात. आपण त्याला अंकांचा उंची-नकाशा म्हणू. आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो, तशी साऱ्या किनाऱ्यावर ठिपक्यांची जाळी घातली आहे अशी कल्पना करावी. प्रत्येक ठिपक्याला एक आकडा, म्हणजे त्या जागेची उंची किंवा खोली. जमिनीवर आकडा शून्याच्या वर, पाण्यात शून्याच्या खाली. वादळात पाणी कोणत्या गल्लीपर्यंत येईल, कोणती वस्ती आधी हलवावी लागेल, हे त्या जाळीवरून गणित करून सांगता येते. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या लेकी मुंबईला, रायगड-रत्नागिरीकडे दिलेल्या आहेत. तेव्हा हा प्रश्न डोंगरावर राहणाऱ्या आपल्यालाही अगदीच परका नाही. या जाळीतला जो शून्य, तो ठरविण्याची आणि गावोगाव वाहून नेण्याची रीत हिंदुस्थानात प्रथम ज्यांनी काटेकोरपणे पाळली, ते हे लॅम्बटन.

लॅम्बटन यांचा जन्म इंग्लंडातील यॉर्कशर परगण्यात, नॉर्थॅलर्टन गावाजवळच्या एका वाडीवर, अठराव्या शतकाच्या मध्याला झाला. घरची स्थिती साधारण होती. मुलगा हुशार आहे असे पाहून शेजाऱ्यांनी त्याच्या शिक्षणाला हातभार लावला असे सांगतात. गणितात त्याची बुद्धी विशेष चाले. पुढे तो लष्करात शिरला आणि १७८१ साली अमेरिकेच्या युद्धात यॉर्कटाउन येथे शत्रूच्या हाती कैद झाला. सुटका झाल्यावर कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात त्याने कित्येक वर्षे जमीन मोजण्याचे काम केले. तेथेच एका सूर्यग्रहणाच्या वेळी काजळी धरलेली काच न वापरता सूर्याकडे पाहिल्यामुळे त्याच्या एका डोळ्याला कायमची इजा झाली. ग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहू नये असे आपल्या वडीलधाऱ्या बायका सांगत. त्या सांगण्याला या गोष्टीची जोड द्यावी. ज्याने पुढे दुर्बिणीला डोळा लावून अर्धा देश मोजला, त्याचा एक डोळा आधीच अधू होता, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ३३ व्या पलटणीबरोबर लॅम्बटन हिंदुस्थानात आले. त्या वेळी त्यांची चाळिशी उलटून गेली होती. या पलटणीचे प्रमुख आर्थर वेलस्ली होते. हे नाव आपल्याला ठाऊक आहे. १८०३ च्या डिसेंबरात आपला गाविलगड ज्यांनी घेतला, तेच हे वेलस्ली. त्याआधी १७९९ साली टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात लॅम्बटन त्यांच्याबरोबर होते. त्या मोहिमेत एका रात्री फौजेची एक तुकडी अंधारात उलट दिशेने, नेमकी शत्रूच्या रोखाने चालली होती. लॅम्बटन यांनी आकाशातील तारे पाहून ही चूक ओळखली आणि सेनापतीला सावध केले. ताऱ्यांवरून वाट ओळखणारा हा माणूस वेलस्लींच्या ध्यानात राहिला असल्यास नवल नाही. युद्ध संपल्यावर लॅम्बटन यांनी सरकारला सुचविले की, पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत द्वीपकल्पाची त्रिकोण पद्धतीने मोजणी करावी. वेलस्लींनी त्यांची बाजू घेतली आणि मंजुरी मिळाली.

त्रिकोणाची पद्धत कशी असते, हे थोडक्यात सांगते. सपाट जागी एक रेषा फार काळजीने मोजून घ्यावयाची; ही पायाची रेषा. तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीवरचे निशाण पाहून कोन मोजावयाचे. एक बाजू आणि दोन कोन कळले म्हणजे त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात. तेथवर जाऊन साखळी ओढावी लागत नाही. मग त्या नव्या बाजूवर दुसरा त्रिकोण उभारावयाचा, त्यावर तिसरा, असे करीत डोंगरामागून डोंगर जोडत जावयाचे. निशाण आपल्यापेक्षा किती वर किंवा खाली दिसते तो कोनही मोजला की उंची निघते. समुद्रकाठच्या ठिकाणाची पाण्यापासूनची उंची एकदा कळली, की ती एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर अशी आत आत नेता येते. समुद्राची पातळी डोंगरावर येते ती या मार्गाने.

यंत्रे जमविण्यातच पुष्कळ काळ गेला. कोन मोजण्याचे मोठे यंत्र, थिओडोलाइट, लंडनहून मागविले होते. त्याचे वजन सुमारे अर्धा टन होते. ते घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. तेथील फ्रेंच गव्हर्नराने हे शास्त्राचे यंत्र आहे असे पाहून ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिले. दोन राष्ट्रांत युद्ध चालू असता घडलेली ही गोष्ट आहे. पोलादी साखळीची हकीकतही गमतीची आहे. चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी ती नेली होती. त्याने ती पसंत केली नाही, म्हणून ती फिरत फिरत हिंदुस्थानात आली आणि लॅम्बटन यांच्या उपयोगी पडली.

१८०२ च्या एप्रिल-मे महिन्यांत, मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी, समुद्रापासून थोड्या अंतरावर, साडेसात मैलांची पायाची रेषा मोजली गेली. साखळी शंभर फुटांची, म्हणजे ती सुमारे ४०० वेळा उचलून पुढे मांडावी लागली. ती जमिनीवर नुसती टाकून चालत नसे. तिवईवर ठेवलेल्या लाकडी पेट्यांतून ती एका पातळीत धरीत. ऊन्हाने पोलाद वाढते, म्हणून वर सावली करून जवळ उष्णतामापक ठेवीत आणि तेवढा फरक हिशेबात धरीत. मद्रासच्या वैशाखात हे काम करणाऱ्या माणसांची कल्पना करावी. त्यांची नावे बहुतेक कोठे नोंदलेली नाहीत. मोजणी खात्यात साखळी ओढणाऱ्या, निशाण धरणाऱ्या, यंत्र वाहणाऱ्या गड्यांना खलाशी म्हणतात. जहाजावरचा हा शब्द कोरड्या जमिनीवर कामाला आला, आणि समुद्राची पातळी आपल्या पाठीवरून आत आणणाऱ्यांना तो शोभतोही.

मद्रासहून मंगळूरपर्यंत त्रिकोण पोचले तेव्हा एक मोठी गोष्ट उघडकीस आली. दोन्ही किनाऱ्यांमधील अंतर जुन्या नकाशांत सुमारे ४०० मैल धरले होते. ते प्रत्यक्षात ३६० मैल निघाले. चाळीस मैलांचा मुलूख कागदावरून नाहीसा झाला! सरकारातील काही मंडळींना हा खर्च आधीपासूनच रुचत नव्हता. श्रीरंगपट्टणाला जावयाचे तर पालखीवाल्यांना सांगितले की पुरे, त्याला एवढे गणित कशाला, असा त्यांचा सूर होता. पण पूर्वेच्या समुद्रापासून काढीत नेलेली उंची पश्चिमेच्या समुद्राशी ताडून पाहिली तेव्हा एवढ्या लांबच्या वाटेत पडलेला फरक दहा फुटांहूनही कमी होता. काम किती चोख होते याचा याहून वेगळा दाखला नको.

यानंतर लॅम्बटन यांनी कन्याकुमारीकडून उत्तरेकडे त्रिकोणांची एक उभी रांग चालविली. पृथ्वी विषुववृत्ताशी किती फुगलेली आणि ध्रुवांशी किती चपटी आहे, हे तिच्यावरून काढावयाचे होते. दक्षिणेच्या सपाट भातशेतीच्या मुलखात टेकड्या नसल्याने देवळांच्या गोपुरांवर यंत्र चढवावे लागे. १८०८ साली तंजावरच्या मोठ्या देवळावर यंत्र चढविताना दोर तुटला आणि ते भिंतीवर आदळून त्याचे वर्तुळ वाकले. दुसरा कोणी असता तर हताश झाला असता. लॅम्बटन तंबूत जाऊन बसले आणि सुमारे सहा आठवडे खपून त्यांनी ते वर्तुळ स्वतःच्या हाताने पुन्हा आकारास आणले. त्याच यंत्राने पुढे कित्येक वर्षे काम दिले.

लोकांचा संशय हीदेखील एक अडचण होती. उंचावर बसून दुर्बिणीने चहूकडे पाहणारा साहेब आपल्या घरातील बायका पाहतो, आणि तेही उलट्या, असा समज ठिकठिकाणी पसरे. त्या दुर्बिणींत खरोखरच सर्व काही उलटे दिसत असे. आज आपल्याला हसू येईल, पण त्या काळच्या आपल्या पणज्यांच्या जागी उभे राहून पाहिले तर त्यांची धास्ती वावगी वाटत नाही. परक्या राज्यकर्त्याचा माणूस गावावर दुर्बीण रोखतो, तेव्हा त्याचा हेतू शुद्ध शास्त्राचा आहे असे मानण्याचे त्यांना कारण नव्हते. शिवाय हेही खरे की, या मोजणीचा उपयोग राज्य बळकट करण्यास आणि सारा वसूल करण्यास झाला. लॅम्बटन यांची थोरवी सांगताना ही बाजू झाकून ठेवू नये.

त्यांच्या घरगुती आयुष्याविषयी थोडेच कळते. त्यांनी इंग्रज पद्धतीचा संसार थाटला नाही. या देशातच त्यांना मुले झाली आणि तंबूंच्या त्या फिरत्या गावातच त्यांचे बालपण गेले. त्या मुलांच्या मातांनी रानावनांतून, पावसापाण्यातून कशी वाटचाल केली असेल, हे लिहून ठेवावेसे कोणाला वाटले नाही. कोनांच्या वह्या मात्र नीट जपून ठेवल्या गेल्या. मंडळाच्या स्मरणिकेत तरी या स्त्रियांची आठवण व्हावी म्हणून हे चार शब्द.

१८१८ साली या कामाला ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे असे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट हे तरुण अधिकारी लॅम्बटन यांचे मदतनीस म्हणून नेमले गेले. तोवर लॅम्बटन यांचा मुक्काम हैदराबादला होता. त्रिकोणांची रांग निजामाच्या मुलखातून सरकत आपल्या वऱ्हाडाच्या खोऱ्यात, एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, बाजूस येऊन पोचली. वाटेत जंगलचा ताप होता; एका मोसमात तर एव्हरेस्ट यांच्या जवळजवळ साऱ्या तुकडीला त्याने गाठले आणि कित्येक माणसे दगावली. लॅम्बटन आता वृद्ध झाले होते, खोकल्याने पोखरले होते, तरी काम सोडून मायदेशी परतण्याचा विचार त्यांनी केला नाही. हैदराबादहून नागपूरला निघाले असता वाटेत हिंगणघाटच्या मुक्कामी २० जानेवारी १८२३ रोजी त्यांचा अंत झाला. तोवर १,६५,००० चौरस मैलांहून अधिक मुलूख त्यांच्या त्रिकोणांनी व्यापला होता.

यापुढची एक हकीकत आपल्या डोंगराची आहे. वऱ्हाडात टाकळखेडा म्हणून नोंदलेल्या ठिकाणी ताऱ्यांचे वेध घेतले होते. वेध घेताना सरळ खाली कोणती दिशा, हे ओळंबा दाखवितो. गवंडी भिंत बांधताना लावतात तोच ओळंबा. पण उत्तरेस उभ्या असलेल्या सातपुड्याच्या प्रचंड राशीने तो ओळंबा आपल्याकडे अगदी किंचित ओढला जात असला पाहिजे, असा विचार एव्हरेस्ट यांनी केला आणि त्याचा हिशेब १८३० साली छापलेल्या आपल्या ग्रंथात मांडला. आपण ज्या डोंगररांगेत राहतो, तिच्या ओढीची दखल अशा रीतीने शास्त्राच्या पुस्तकात घेतली गेली.

आता समुद्राच्या तळाकडे वळू. जो डोंगर ओळंब्याला ओढतो, तोच पाण्याखाली असला तर पाण्याला ओढतो. खोल समुद्रात बुडालेला मोठा पर्वत आपल्या भोवतालचे पाणी थोडे जवळ घेतो, आणि त्याच्यावरची समुद्राची पाठ एखाददुसरा मीटर फुगून राहते. डोळ्यांना हे कधी दिसणार नाही; पण आकाशातून फिरणारे उपग्रह ती फूग मोजतात, आणि तिच्यावरून जेथे जहाज कधी गेले नाही तेथील तळाचा अंदाज बांधला जातो. उलट श्रीलंकेच्या दक्षिणेस हिंदी महासागराची पाठ, पृथ्वीचा आकार गुळगुळीत धरला असता जेथे असावी तेथून सुमारे १०६ मीटर खाली आहे. म्हणजे समुद्रसपाटी ही खरोखरीची सपाटी नव्हे. उपग्रह जी उंची सांगतो ती त्या गुळगुळीत आकारापासूनची असते. समुद्रापासूनची उंची हवी तर हा फरक काढून टाकावा लागतो. आणि तो आकार ठरविण्यासाठीच लॅम्बटन यांची ती उभी रांग होती.

शून्य कोठे धरावयाचा, हा प्रश्नही पुढे नीट सोडविण्यात आला. भरती-ओहोटीमुळे पाणी दिवसभर हलत असते. म्हणून वर्षानुवर्षे नोंदी ठेवून त्यांची सरासरी काढतात. मुंबईचा अपोलो बंदर, कारवार, कोचीन, नागपट्टणम, मद्रास, कराची अशा नऊ बंदरांच्या सरासरीवर १९०९ साली साऱ्या देशाच्या उंचींचा शून्य बसविला गेला. हल्लीच्या अचूक उंची मात्र त्रिकोणांऐवजी पातळीच्या यंत्राने, टप्प्याटप्प्याने मोजीत नेलेल्या आहेत. पण समुद्रापासून निघून एकेक पाऊल पडताळीत आत जावयाचे, ही रीत तीच.

इतके असून समुद्राच्या नकाशांचा शून्य निराळाच आहे. जहाजाला खाली पाणी किती उरेल याची काळजी; म्हणून नावाड्यांच्या नकाशांत खोली मोजतात ती सर्वांत मोठ्या ओहोटीच्या पातळीपासून. मुंबईला या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरांचा फरक आहे. एका घरात मोठ्या पायलीने मोजलेले आणि दुसऱ्या घरात लहान पायलीने मोजलेले धान्य तसेच एका कोठीत ओतले तर हिशेब बसेल का? जमिनीचे आकडे एका शून्यावरून आणि तळाचे दुसऱ्या शून्यावरून घेऊन जर कोणी ते नुसते शेजारी मांडले, तर किनाऱ्यावर अडीच मीटरांची खोटी पायरी तयार होते. मग खाडीकाठची जी घरे बुडणार, ती कागदावर कोरडी दिसतात. म्हणून सर्व आकडे एका शून्यावर आणणे हे या कामातील पहिले कर्तव्य होय.

दुसरी अडचण आहे ती काठावरच्या उथळ पट्ट्याची. खोल पाण्यात जहाज ध्वनी सोडते. तो पाण्यातून सेकंदाला सुमारे १५०० मीटर या वेगाने तळाशी जाऊन परत येतो, आणि लागलेल्या वेळावरून खोली कळते. जमिनीवर विमानातून प्रकाशाचा किरण सोडून उंची मोजतात. पण जेथे जहाज रुतते आणि माणूस बुडतो तो मधला पट्टा दोघांच्याही हाती लागत नाही. निर्मळ पाण्यात हिरवा किरण तळापर्यंत पोचतो. आपल्या खाड्यांच्या गढूळ पाण्यात त्याचे काही चालत नाही. मग लहान होडी नेऊन, ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून, मिळतील तेवढे बिंदू घ्यावे लागतात. त्या विखुरलेल्या बिंदूंना जोडून संगणक त्रिकोण आखतो आणि मधल्या जागा भरतो. दोनशे वर्षांनीही त्रिकोणच कामी येतो, हे पाहून लॅम्बटनसाहेबांना समाधान वाटले असते.

या सगळ्याचे मोल काय ते २६ डिसेंबर २००४ रोजी कळले. त्सुनामीच्या लाटांनी ज्या तामिळनाडूच्या किनाऱ्यावर हाहाकार केला, तोच लॅम्बटन यांच्या पहिल्या रेषेचा किनारा. आपल्या देशात दहा हजारांवर माणसे गेली; त्यांत बायका आणि लेकरे पुष्कळ होती. ही लाट खोल पाण्यात विमानाच्या वेगाने धावते, आणि तळ उथळ होत गेला की वेग हरवून उंच उठते. ती कोठे किती उठेल हे तळाच्या आकारावर, आणि कोठवर आत शिरेल हे जमिनीच्या उंचीवर अवलंबून असते. म्हणून दोन्ही एकाच नकाशात हवीत. २००७ साली हैदराबादला त्सुनामीची आगाऊ सूचना देणारे केंद्र सुरू झाले. ज्या शहरी लॅम्बटन यांनी अखेरची वर्षे काढली, तेथूनच आज समुद्रावर नजर ठेवली जाते.

हिमालयाच्या सर्वोच्च शिखराला एव्हरेस्ट यांचे नाव मिळाले आणि ते जगाच्या तोंडी झाले. लॅम्बटन यांच्या नावाचा डोंगर आपल्याकडे कोणी सांगत नाही. त्यांना लौकिकाची हाव नव्हती. एक रेषा नीट मोजली, तिच्यावर दुसरी उभारली, आणि जेथे शक्ती संपली तेथे काम पुढच्याच्या हाती देऊन ते गेले. आपल्या मंडळाचे कामही याच जातीचे आहे, असे मला वाटते. हिंगणघाट येथून फार लांब नाही. अमरावती-वर्धा वाटेने एका दिवसात जाता येते. मंडळाच्या पुढील सहलीचा बेत ठरेल तेव्हा सेवाग्राम-पवनारबरोबर या कबरीचाही विचार व्हावा, अशी माझी सर्व भगिनींना विनंती आहे.